नवं फीचर आलं, जुना बग तिथंच! ई-रीडरच्या अपडेटबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी ई-रीडरबद्दल प्रश्न मागवले होते. मला वाटलं कुठला घ्यावा, किती इंचांचा घ्यावा असलं काहीतरी येईल, पण मेल उघडले तर बहुतेक सगळे अपडेटवर चिडलेले. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. लांबलचक प्रश्न थोडे कापलेत, राग मात्र तसाच ठेवलाय.

प्रश्न: ताई, माझ्या ई-रीडरला दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट येतं. कधी होम स्क्रीन बदलते, कधी नवे फॉन्ट येतात, आता तर पुस्तकाचा सारांश काढून देणारं काहीतरी आलंय. पण रात्री पुस्तक बंद करून सकाळी उघडलं की कधीकधी ते वीस-पंचवीस पानं मागं गेलेलं असतं. दोन वर्षं झाली, कस्टमर केअरला कळवलं की ते म्हणतात रीस्टार्ट करा. यांना नवं करायला वेळ आहे आणि हे दुरुस्त करायला नाही?
– झोपण्यापूर्वी वाचणारी

उत्तर: राग अगदी रास्त आहे. ई-रीडरकडून आपली अपेक्षा ती किती, पुढचं पान दाखव आणि मी कुठं होते ते लक्षात ठेव. त्यातलं अर्धं जमत नसेल तर सारांश घेऊन काय करायचं?

पण "वेळ आहे की नाही" इतका सरळ हिशोब आत नसतो. सारांशवाले लोक वेगळे, होम स्क्रीनवाले वेगळे आणि वाचनाची जागा सांभाळणारा कोड लिहिणारे आणखी वेगळे. होम स्क्रीनचा डिझायनर उद्या रिकामा बसला तरी त्याला उचलून सिंकच्या, म्हणजे वाचनाची जागा सगळीकडे जुळवून ठेवायच्या, कोडवर बसवता येत नाही. त्यामुळे सारांश आला म्हणून तुमचा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, राहिला असं थेट म्हणता येत नाही. विचारायचं ते हे की सिंकवाल्यांना माणसं किती दिलीत आणि त्यांच्यातल्या कितींना परत नव्याच कामाला जुंपलंय, आणि तिथं कंपनीला धरायलाच पाहिजे.

आता तुमच्या बगबद्दल. तो रोज होत नाही, कधीकधी होतो, आणि डेव्हलपरला सगळ्यात जास्त छळतो तो असलाच बग. रोज होणारा बग टेस्टरच्या टेबलावरही होतो, मग त्याला धरता येतं. हा मात्र तुमच्याच घरी, तुमच्याच झोपेच्या वेळी होतो. वाचनाची जागा बऱ्याच डिव्हाइसवर दोन ठिकाणी असते, एक डिव्हाइसमध्ये आणि दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर. तुम्ही रात्री वाचलंत, कव्हर मिटलं, डिव्हाइस झोपलं, वायफाय आधीच बंद झालेलं होतं, म्हणजे सर्व्हरकडे अजून कालची जागा आहे. सकाळी उघडताना वायफाय लागतं, सर्व्हर म्हणतो माझ्याकडे ही जागा आहे, डिव्हाइस म्हणतं माझ्याकडे ही, आणि दोघांतलं नवं कोणाचं हे ठरवताना एखाद्याचं घड्याळ मागं-पुढं असलं किंवा तुम्ही मधेच फोनवरच्या ॲपमध्ये तेच पुस्तक उघडून बघितलं असलं की निकाल चुकीचा लागतो.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरमध्ये हे सिंक 2009 पासून आहे आणि त्याचा नियम "सगळ्यात पुढं वाचलेलं पान" असा आहे. तुम्ही शेवटची सूची बघायला म्हणून पुस्तकाच्या टोकाला गेलात की तेच सगळ्यात पुढचं पान ठरतं, मग दुसऱ्या डिव्हाइसवर पुस्तक उघडल्यावर विचारणा होते, टोकाला जायचंय का? आता हा बग म्हणायचा की फीचर? बनवणाऱ्याच्या लेखी नियम बरोबर चाललाय, वाचणाऱ्याच्या लेखी यंत्र मूर्ख आहे. असली कितीतरी भांडणं बगच्या यादीत वर्षानुवर्षं पडून असतात, कारण "बग" म्हणून ती कोणी मान्यच केलेली नसतात.

आणि एक भीती असते, ती मला कळते. जागा सेव्ह करणारा कोड प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पुस्तकाला लागतो. तिथं हात घातला आणि काही बिघडलं तर आज काही जणांची वीस पानं जातायत, उद्या सगळ्यांचीच जागा जाईल. मॅनेजर मग माहितीतला छोटा बग चालवून घेतो. एखाद-दोन रिलीजपुरतं हे ठीक आहे. दोन वर्षं याच भीतीत काढायची म्हणजे त्या कोडला आपोआप तपासणाऱ्या टेस्टच लिहिलेल्या नाहीत असा माझा संशय आहे.

तुम्ही एक करा. आठवडाभर वायफाय पूर्ण बंद ठेवून वाचा. मागं जाणं थांबलं तर बग सिंकचा, नाही थांबलं तर डिव्हाइस झोपताना जागा नीट लिहितच नाहीये. हे एवढं कळवलंत की तुमची तक्रार "रीस्टार्ट करा"वाल्या माणसाच्या पुढं सरकायची शक्यता बरीच वाढते, कारण आता शोधायचं कुठं ते तुम्हीच सांगितलेलं असतं.

प्रश्न: अपडेट आलं की लगेच घ्यावं का थांबावं?

उत्तर: आठ-पंधरा दिवस थांबा, सिक्युरिटीचं असेल तर थांबू नका. पुस्तक वाचायच्या यंत्राला कसली आली सिक्युरिटी असं वाटतं ना? 2021 मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मुद्दाम बिघडवलेलं एक ई-बुक किंडलवर नुसतं उघडलं तरी हल्लेखोराला अख्ख्या डिव्हाइसचा ताबा मिळू शकतो, म्हणजे त्यावर लॉगिन असलेलं खातंसुद्धा धोक्यात. फेब्रुवारीत ॲमेझॉनला कळवलं, एप्रिलमध्ये 5.13.5 या अपडेटमधून दुरुस्ती आली आणि ऑगस्टमध्ये ते जाहीर झालं. म्हणजे अपडेट आलं तेव्हा त्यात एवढं मोठं काही आहे हे आपल्याला कळायचा मार्गच नव्हता! किंडलच्या रिलीज नोट्समध्ये, म्हणजे अपडेटमध्ये काय बदललं ते सांगणाऱ्या टिपेत, तर कितीतरी वेळा परफॉर्मन्स सुधारणा, बग दुरुस्त्या आणि इतर सुधारणा एवढीच एक ओळ असते, त्यावरून माणसानं काय ठरवायचं.

घ्यायच्या आधी हायलाइट मात्र वाचवा. किंडल कॉम्प्युटरला जोडला की "माय क्लिपिंग्ज" नावाची साधी टेक्स्ट फाइल दिसते, ती कॉपी करून ठेवा. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरमध्ये एक लपलेलं फोल्डर असतं, त्यात कोबोरीडर नावाची एसक्यूलाइट डेटाबेस फाइल असते, तुमच्या नोंदी, वाचलेली टक्केवारी सगळं त्यात. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: अपडेट केल्यापासून बॅटरी दोन दिवसांत संपते. आधी तीन आठवडे चालायची. बग आहे ना हा?

उत्तर: लगेच म्हणता येणार नाही. मोठ्या अपडेटनंतर पुष्कळ ई-रीडर सगळ्या पुस्तकांची शोधसूची नव्यानं बनवतात. म्हणजे प्रत्येक पुस्तक उघडायचं, त्यातला प्रत्येक शब्द नोंदवायचा. दीड-दोन हजार पुस्तकं भरून ठेवलेली असली की हे बरेच तास चालतं आणि तेवढा वेळ प्रोसेसर झोपत नाही. एक रात्र चार्जिंगला लावून ठेवा. तरीही तसंच राहिलं तर एखादं बिघडलेलं पुस्तक अडकलं असेल, यंत्र त्याच्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतं. काही किंडलवर लायब्ररीच्या सर्चमध्ये काहीतरी अर्थहीन अक्षरं टाकली की अजून नोंद न झालेल्या पुस्तकांची यादी दिसते, तिथं एकच पुस्तक दिवसभर बसलेलं दिसलं तर ते काढून टाका. पुस्तक बिघडलेलं होतं हे खरं, पण त्याला सोडून पुढं जाता येत नाही हा बग सॉफ्टवेअरचाच, तो कळवाच.

प्रश्न: ताई, आम्ही तिघं मित्र मिळून एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, वाचन ॲप बनवतोय, नोकरी सांभाळून. लोक वापरायला लागलेत याचा आनंद आहे, पण आता रोज कोणीतरी नवीन फीचर मागतं, डिक्शनरी पाहिजे, आकडेवारी पाहिजे, थीम पाहिजे, आणि बगची यादी वेगळी वाढतीये. फीचर नाही दिलं तर लोक सोडून जातील असं एक मित्र म्हणतो, दुसरा म्हणतो सहा महिने नवीन काहीच नको. मी मधे. काय करावं?
– तिघांतला मधला

उत्तर: तुझ्या दुसऱ्या मित्रापासून सुरुवात करते, कारण त्याचं ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि मला ते तसं पटत नाही. ॲपलनं 2009 मध्ये मॅक कॉम्प्युटरची स्नो लेपर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम आणताना स्टेजवरून शून्य नवीन फीचर असं मिरवून सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच स्नो लेपर्डमध्ये असा बग निघाला की काही जणांनी गेस्ट अकाउंट उघडून परत स्वतःच्या अकाउंटमध्ये यावं तर त्यांच्या फाइल्सच गायब! नोव्हेंबरमध्ये 10.6.2 हे अपडेट आलं तेव्हा तो मिटला. फीचर शून्य असली तरी आतून भरपूर काही बदललेलं होतं, आणि बग बदलातून येतात, मग तो बदल जाहिरातीत छापलेला असो की नसो. "सहा महिने फक्त सफाई" म्हणून तुम्ही तिघं बसलात आणि अख्खं रेंडरिंग, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा कोड, नव्यानं लिहिलंत तर वापरणाऱ्यांच्या नशिबी फीचरही नाही आणि नवे बग मात्र आहेत.

मग वाटणी कशी करायची? मला लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, पद्धत आवडते. नवीन आवृत्तीच्या सुरुवातीला दोन आठवडे दार उघडं, त्यात नवीन काय घ्यायचं ते घ्या. मग दार बंद. पुढं दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती, सहसा सातव्या-आठव्यापर्यंत, आणि त्या सगळ्या काळात फक्त दुरुस्त्या. म्हणजे नव्याला दोन आठवडे आणि नीट करायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ. किंडल, कोबो यांच्या पोटात हाच कर्नल चालतो, पण ही वाटणी त्यांच्या वरच्या थरात किती उतरली ते पहिल्या पत्रातल्या ताईंना विचारा. तुम्ही तिघंच आहात, तुम्ही दहा आठवड्यांचं चक्र नका लावू, महिन्याचं लावा, पहिला आठवडा नव्याला आणि उरलेले नीट करायला.

दुसरं, दोन दारं ठेवा. केओरीडर हे तुमच्यासारखंच, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेलं ओपन सोर्स ॲप, किंडल, कोबो, पॉकेटबुक, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. त्यांची एक स्थिर आवृत्ती असते, तिच्या नंबरातच वर्ष आणि महिना असतो, आणि एक रोजची कच्ची आवृत्ती असते. ज्याला थीमची घाई आहे त्यानं कच्ची घ्यावी आणि बगही सोसावेत, ज्याला झोपायच्या आधी फक्त वाचायचंय त्यानं स्थिर घ्यावी. फीचर मागणारा माणूस आणि बगनं वैतागलेला माणूस बऱ्याचदा वेगवेगळे असतात, दोघांना एकच फाइल कशाला द्यायची? शिवाय नवं काही हवं म्हणून ओरडणारेच तुम्हाला टेस्टर म्हणून फुकट मिळतात.

आता बग कुठला आधी. किती लोकांनी कळवला यावर ठरवू नका, निदान फक्त त्यावर तरी नको. ज्या बगनं वाचणाऱ्याचं काही नष्ट होतं, म्हणजे हायलाइट, नोंदी, जागा, तो एकाच माणसाला झाला असला तरी सगळं बाजूला ठेवून आधी तो. कारण नष्ट झालेलं पुढच्या अपडेटमधून परत देता येत नाही. त्यानंतर पुस्तक उघडतच नाही, मधेच बंद पडतं असले. त्यानंतर वाचता येतं पण त्रास होतो असले. बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकलंय हा बग शंभर जणांनी कळवला तरी थांबू शकतो. मला माहितीये की पिक्सेलवाला दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात आणि यादी एकानं कमी झाली की बरं वाटतं, त्या बरं वाटण्याच्या नादी लागू नका.

प्रत्येक बग मिटवला की ज्या पुस्तकानं तो दाखवला ते पुस्तक जपून ठेवा. त्यातला मजकूर बदलून, तेवढाच अडचणीचा भाग ठेवून छोटी फाइल करा, नाहीतर कॉपीराइटची भानगड होते. अशा चाळीस-पन्नास तिरपागड्या फाइल्स जमल्या की प्रत्येक रिलीजच्या आधी सगळ्या आपोआप उघडून बघायच्या. कुठं तळटीप आतल्या तळटिपेकडे जाते, कुठं एकाच प्रकरणात तीन एमबीचा मजकूर कोंबलाय, कुठं चित्राला रुंदीच दिलेली नाही. एकदा मेलेला बग चार महिन्यांनी परत उठला की लोकांचा विश्वास जास्त जातो, नवा बग आला तर लोक समजून तरी घेतात. पहिल्या उत्तरातल्या मॅनेजरची भीती असल्याच फाइल्सनी जाते, बरं का.

आणि एक तिसऱ्या प्रकारचं काम असतं, जे ना फीचर ना बग, आणि ते कोणीच मागत नाही. कॅलिबर, ते ई-बुक सांभाळायचं आणि फॉरमॅट बदलायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, तुम्ही वापरतच असाल. ते ज्या भाषेत लिहिलंय त्या पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, म्हणून कॅलिबरला अख्खा कोड पायथन 3 वर न्यावा लागला, ते सप्टेंबर 2020 मध्ये 5.0 बरोबर झालं. ज्या प्लगिनवाल्यांनी, म्हणजे कॅलिबरला जोडायच्या जादा सोयी बनवणाऱ्यांनी, स्वतःचा कोड बदलला नव्हता त्यांचे प्लगिन त्या दिवशी बंद पडले आणि लोक कॅलिबरवर चिडले. पण ते केलं नसतं तर आज काय झालं असतं? तुमच्या वेळापत्रकात या कामालाही जागा ठेवा, आणि ते करताय तेव्हा लोकांना आधीच सांगा.

कॅलिबरकडून आणखी एक घ्या, त्यांच्या रिलीज नोट्स. नवीन फीचर एका खाली एक, मग बग दुरुस्त्या वेगळ्या, आणि प्रत्येक ओळीत काय बिघडलं होतं ते लिहिलेलं. वाचणाऱ्याला स्वतःचा बग त्यात सापडतो. तुझ्या पहिल्या मित्राला वाटतं लोक फीचरसाठी थांबतात, त्याला सांग की स्वतःनं कळवलेला बग यादीत मिटलेला दिसला की माणूस जितका चिकटतो तितका थीमनं नाही चिकटत.

फीचर नाकारताना मात्र "नंतर बघू" म्हणू नका, द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. बऱ्याच ई-रीडरमध्ये मेमरी 512 एमबी, फार तर 1 जीबी वगैरे असते, प्रोसेसर फोनच्या मानानं अगदी गरीब. आत घेतलेलं प्रत्येक फीचर पुढं जन्मभर टेस्ट करावं लागतं, प्रत्येक स्क्रीन साइझवर, आणि ते ज्यानं लिहिलं तो मित्र उद्या नोकरी बदलून गायब झाला तर तू एकटाच ते सांभाळणार आहेस.

प्रश्न: नव्या अपडेटनंतर पान पटकन उलटतं पण आधीच्या पानाची अक्षरं पुसट दिसत राहतात. स्क्रीन खराब झाली का?

उत्तर: नाही हो. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात, व्होल्टेज देऊन ते वर-खाली हलवायचे म्हणजे पान उमटतं. नीट, सोळा करड्या छटांसकट उमटवायचं तर कणांना मागं-पुढं बऱ्याचदा ढकलावं लागतं, वेळ लागतो, पडदा काळा-पांढरा लुकलुकतो. पटकन हवं तर ढकलणं कमी करायचं, मग काही कण जुन्या जागी राहतात, त्याला घोस्टिंग म्हणतात. तुमच्या कंपनीनं बहुधा "पान उलटणं वेगवान" हे फीचर देताना पूर्ण रिफ्रेश, म्हणजे अख्खा पडदा पुसून नव्यानं उमटवणं, कमी वेळा केलाय. सेटिंगमध्ये दर पानाला किंवा दर काही पानांनी रिफ्रेश असा पर्याय असतो, तो बदला. थंडीत घोस्टिंग जास्त वाटलं तर तेही खरं आहे, कण किती जोरात ढकलायचे हे तापमानावर ठरतं. एकाला फीचर ते दुसऱ्याला बग, असं इथं अक्षरशः होतं, म्हणून असले बदल सेटिंगमध्ये विचारून द्यावेत, परस्पर लादू नयेत.

प्रश्न: अपडेटनंतर एका पुस्तकात जोडाक्षरं फुटलीयत, रफार भलतीकडे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर येते. दुसरं पुस्तक मात्र बरोबर दिसतं. कळवलं तर म्हणाले पुस्तकच खराब आहे.

उत्तर: पुस्तक खराब असेलही, पण एवढ्यावर मानू नका. देवनागरी, अरबी, थाई अशा लिप्यांत अक्षरं नुसती एकापुढं एक ठेवून चालत नाही, कुठलं अक्षर कुठल्या रूपात आणि कुठल्या जागी हे ठरवणारा एक वेगळा थर लागतो, त्याला शेपिंग म्हणतात, हार्फबझ ही त्यासाठीची सगळ्यात जास्त वापरली जाणारी लायब्ररी. आणि एकाच डिव्हाइसमध्ये पुस्तक दाखवणारी इंजिनं दोन असू शकतात! कोबोवर साधं ईपब (ई-बुकचा नेहमीचा फॉरमॅट) ॲडोबीच्या इंजिनातून दिसतं आणि कोबोचा स्वतःचा फॉरमॅट केपब दुसऱ्या इंजिनातून. किंडलवरही मोबी या जुन्या फॉरमॅटची आणि नव्या फॉरमॅटची वाट वेगळी. अपडेटनं एका इंजिनाचा शेपिंगचा थर बिघडवला आणि दुसरं बरं राहिलं की तुम्ही सांगताय तसंच दिसतं.

तेच पुस्तक कॅलिबरमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून त्याच डिव्हाइसवर बघा, मग फॉन्ट बदलून बघा. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बरोबर दिसलं तर पुस्तकाचा दोष नाही, इंजिनाचा आहे. कळवताना फर्मवेअरचा, म्हणजे डिव्हाइसमधल्या सॉफ्टवेअरचा, पूर्ण नंबर, फाइलचा प्रकार, फॉन्टचं नाव आणि स्क्रीनचा एक फोटो एवढं पाठवा, आणि आधीच्या कुठल्या नंबरावर बरोबर दिसत होतं ते आठवत असेल तर तेही, कारण मग दोन नंबरांच्या मधे काय बदललं एवढंच त्यांना बघायचं उरतं. "मराठी नीट दिसत नाही" असं लिहिलंत तर ते वाचणाऱ्याला मराठी येत नसतं, त्याला नीट म्हणजे कसं तेच माहिती नाही. बरोबर कसं दिसायला हवं त्याचाही फोटो जोडा, हा मुद्दा सगळे विसरतात.

प्रश्न: नवीन देणं राहू द्या, माझं रोजचं फीचर काढूनच टाकलं! लेख सेव्ह करून ई-रीडरवर वाचायची सोय होती, ती गेली. हे कसलं अपडेट?

उत्तर: कोबोबद्दल म्हणत असाल तर त्यात तिसऱ्याचा हात आहे. ती सोय पॉकेट या लेख साठवायच्या सेवेवर उभी होती आणि मोझिलानं पॉकेटच 8 जुलै 2025 ला बंद केलं, मग कोबोनं त्या जागी इन्स्टापेपर ही तशीच सेवा आणली, ते जोडून बघा. पण सगळीकडे असं तिसऱ्यावर ढकलता येत नाही. ॲमेझॉननं 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेलं पुस्तक वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं टाकायचा पर्याय काढला, तो कुठल्याही बगमुळे नाही, तो त्यांचा निर्णय. असल्या बदलाला अपडेट म्हणण्यापेक्षा करार बदलला म्हणावं असं माझं मत. ज्या फीचरला दुसऱ्याचा सर्व्हर लागतो ते आज आहे म्हणून उद्या असेल असं धरून चालू नका, एवढंच तुमच्या हातात.

प्रश्न: मला फक्त पान उलटायचंय. नवं फीचर नको, बग दुरुस्तीही नको, आहे ते छान चाललंय. अपडेट कायमचं बंद कसं करू?
– हट्टी

उत्तर: वायफाय बंद, एअरप्लेन मोड चालू, पुस्तकं यूएसबीनं. बहुतेक डिव्हाइसवर एवढ्यानं अपडेट थांबतं, बॅटरीही जास्त चालते, मला तर हे वागणं मनापासून आवडतं. फक्त कायमचं जमेल असं समजू नका. 2016 मध्ये ॲमेझॉननं जुन्या, म्हणजे 2012 आणि त्याआधीच्या, किंडलवाल्यांना 22 मार्चची तारीख दिली होती. तोवर अपडेट घेतलं नाही तर डिव्हाइस नेटवरून दुकानाला जोडलंच जाणार नव्हतं, मग अपडेटची फाइल कॉम्प्युटरवरून हातानं टाकायची वेळ. सर्व्हरशी बोलायचे सुरक्षेचे नियम बदलत राहतात, जुन्या सॉफ्टवेअरला ते कळेनासे होतात. तुमची पुस्तकं आधीच डिव्हाइसमध्ये असतील तर ती उघडत राहतील. विकतची नवीन हवी असतील तर वर्षातून एखाद्या वेळी, हायलाइटची फाइल कॉपी करून घेतल्यावर, वायफाय लावा, अपडेट घ्या, एक पुस्तक उतरवून बघा आणि परत बंद करून टाका.